एकवीस दिवस हात लावू नये

संध्याताई आरतीचं ताट घेऊन फाटकाशी उभ्या होत्या. ट्रकवरची गाडी लाकडी फळ्यांवरून इंचाइंचाने खाली उतरली. गाडी म्हणजे गंजाचा एक लांबट ढिगारा होता, पण घरी नवीन वाहन आलं की ओवाळायचं, हे त्यांनी सायकलपासून पाळलेलं. त्यांनी चाकांवर पाणी घातलं, बॉनेटवर कुंकू लावलं आणि नारळ फोडायला हात वर नेला.

“फोडू नकोस!” शेखर देवरे धावत आले. “आवाज करू नकोस!”

“का हो?”

“आत कोंबडी बसलीय.”

संध्याताईंनी नारळ खाली घेतला आणि गाडीत डोकावून पाहिलं. डावीकडची सीट कधीच गायब झाली होती. पाय ठेवायच्या जागेत, डॅशबोर्डच्या खाली, गवताचा गोल खोपा होता. त्यात पिसं फुगवून एक तांबडी कोंबडी बसली होती. तिने संध्याताईंकडे एकच डोळा वळवला आणि परत मिटला.

“गाडीबरोबर मिळाली?”

“नाही गं. एकवीस दिवसांच्या बोलीवर आहे.”

देवरे सातपूरच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं टूलरूममध्ये होते. शिकाऊ म्हणून लागले त्या वर्षी त्र्यंबक रोडवरून त्यांच्या सायकलशेजारून एक उघडी, दोन माणसांची लालभडक विलायती गाडी भुर्रकन गेली होती. बस्स, एवढंच. पण माणसाच्या डोक्यात काय घर करील सांगता येत नाही. निवृत्त झाल्यावर वर्षभर त्यांनी घरातले सगळे नळ, कड्या आणि मिक्सर दुरुस्त केले. त्यातले काही मुळात बिघडलेले नव्हते. मग ते ‘जुनी चाकं, नाशिक’ या मंडळात गेले, आणि तिथेच कळलं की नामपूरला एका कांद्याच्या चाळीत तशीच एक गाडी पस्तीस वर्षं उभी आहे.

गाडीच्या मालकीण धोंडाबाई. वय चौऱ्याऐंशी. त्यांच्या यजमानांनी कांद्याच्या एका चांगल्या सालात ती मुंबईच्या एका पारशी गृहस्थाकडून आणली होती. पण तिचं पोट जमिनीला आणि बागलाणचे तेव्हाचे रस्ते आभाळाला, त्यामुळे ती आठवडाभर चालली आणि चाळीत विसावली. आता उन्हाळ कांदा निघाला होता. चाळ दुसऱ्या दिवशी भरायची होती. गाडी आजच हलायला हवी होती. आणि कोंबडी आदल्याच दिवशी तेरा अंड्यांवर बसली होती.

“गाडी लई जा,” धोंडाबाई म्हणाल्या होत्या. “पण मनी कोंबडीले हात लावानं नही. ती उठनी का अंडा वाया जातीन.”

“मग गाडी न्यायची कशी, आजी?”

“गाडी न्या ना. कोंबडीले कोन ने म्हनस?”

मंडळातले खंडेराव निकम सोबत होते. एसटीच्या वर्कशॉपात आयुष्य गेलेला माणूस. त्यांनी बराच विचार केला, गाडीवर ओलं गोणपाट टाकून आत अंधार केला आणि ट्रक ताशी वीसच्या वेगाने नाशिकला आणला. वाटेत सायकलीसुद्धा त्यांना मागे टाकून गेल्या. कोंबडी काही उठली नाही.

“एकवीस दिवस म्हणजे तेरा एप्रिल,” संध्याताईंनी बोटांवर मोजलं. “आणि तुमचं ते प्रदर्शन?”

“एक मे.”

प्रदर्शनाचीच खरी पंचाईत होती. मंडळाचं ते वार्षिक प्रदर्शन. देवऱ्यांनी गाडी हातात यायच्या आधीच नाव देऊन टाकलं होतं, आणि वर सगळ्यांसमोर म्हणाले होते, “पाच आठवड्यांत उभी करतो. टूलरूमवाला आहे मी.” पत्रिका छापूनही झाली होती. सतरा क्रमांक.

“मागून सुरुवात करू,” तेजस्विनी म्हणाली. ही मंडळातली सगळ्यांत धाकटी. अंबडला नोकरी करायची, जुनी बुलेट स्वतः खोलून जोडायची. रंगकामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. “दरवाजाच्या मागचे पत्रे बोल्ट काढून सुटतात, काका. सातपूरला नेऊन रंगवून आणू. तोवर पुढे हातच लावायला नको.”

“आणि ठोकठोक?” संध्याताईंनी विचारलं.

“ठोकठोक नाही, काकू.”

“वास?”

“रंग इथे मारणारच नाही.”

“मग चालेल,” संध्याताई म्हणाल्या. आदल्या दिवशीपर्यंत ‘भंगार’ हा एकच शब्द वापरणाऱ्या बाईंनी त्या क्षणापासून कामाचा ताबा घेतला.

पहिल्या रविवारी मंडळाचे आठ सभासद मदतीला आले. संध्याताईंनी सगळ्यांना चपला फाटकाबाहेर काढायला लावल्या. गाडीच्या पुढच्या अर्ध्या भागावर त्यांनी स्वच्छ पांढरी चादर घातली होती. आठ माणसं गाडीभोवती खाली माना घालून उभी राहिली आणि कुजबुजत पाने मागू लागली. खंडेरावांचे हाल सगळ्यांत जास्त. चार डेपोंना ऐकू जाईल असा त्यांचा आवाज. त्यांना हळू बोलायचं म्हणजे खोकलाच यायचा. खोकला आला की ते तोंडाला रुमाल लावून कोपऱ्यापर्यंत चालत जायचे आणि डोळे पुसत परत यायचे.

समोरचे वाल्मीक पगार गॅलरीतून हे बघत होते. आठ जोड चपला, पांढरी चादर, माना खाली, एक जण रुमालात डोळे पुसतोय. ते शर्ट बदलून खाली आले आणि देवऱ्यांचा हात हातात घेतला.

“कधी झालं?”

“अजून नाही झालं,” देवरे कुजबुजले. “तेरा तारखेला होईल म्हणतात.”

“तारीखसुद्धा सांगितली? डॉक्टरांनी?”

“डॉक्टर कशाला? नामपूरच्या आजींनी. त्यांचा अंदाज चुकत नाही.”

“म्हणजे... आशा नाहीच काही?”

“आशा आहे की! तेराच्या तेरा नाही, पण दहा-अकरा तरी नक्की.”

पगार घरी गेले. अर्ध्या तासाने त्यांच्या घरून पिठल्याचं पातेलं आणि तीस भाकरी आल्या. संध्याताईंना काही उलगडेना. मंडळाला मात्र भूक लागली होती. आठ सभासद भाकरी मोडायला बसले, आणि पिठलं फारच झकास झालं असं म्हणून खंडेराव इतके मोकळेपणी हसले की गॅलरीत उभ्या पगारांनी आत जाऊन दार लावून घेतलं. संध्याताई पातेलं परत करायला गेल्या तेव्हा खुलासा झाला. पुढे आठवडाभर पगार देवऱ्यांकडे बघायचे नाहीत. मग एका संध्याकाळी मूठभर बाजरी घेऊन स्वतःच आले.

एप्रिलचं ऊन चढलं. गाडी ठेवलेली पत्र्याची शेड तापू लागली. संध्याताईंनी शेडच्या तिन्ही बाजूंना ओली गोणपाटं बांधली, पण ती तासाभरात वाळत. मग बेडरूममधला कूलर शेडमध्ये गेला.

“आणि मी?” देवऱ्यांनी विचारलं.

“तुम्ही काय अंड्यांवर बसलाय?”

देवरे दुपारी सतरंजी घेऊन शेडमध्येच पडू लागले. कोंबडी दिवसातून एकदा उठायची, दाणे टिपायची, पाणी प्यायची आणि दहा मिनिटांत परत बसायची. आधी देवरे घड्याळ लावून बघायचे. मग घड्याळ लागेनासं झालं. वर्षभर हाताला काम नाही म्हणून घरात येरझारा घालणारा माणूस तीन-तीन तास गप्प बसून एका कोंबडीकडे बघत होता, आणि त्याला कंटाळा येत नव्हता. हे संध्याताईंच्याही लक्षात आलं. त्या दुपारचा चहा शेडमध्ये आणू लागल्या, दोन कप.

रोज सकाळी आठला नामपूरहून फोन यायचा.

“मनी कोंबडी कशी शे?”

“छान आहे, आजी.”

“बरं.” फोन बंद. गाडीची चौकशी धोंडाबाईंनी एकदाही केली नाही.

तोवर मागचे पत्रे रंगून आले. तेजस्विनीने जीव ओतला होता. डिकीच्या झाकणात बघून भांग पाडावा असा लाल रंग. दरवाजाच्या मागच्या कडेपर्यंत गाडी नवीकोरी झाली. त्या कडेपुढे मात्र पस्तीस वर्षांचा गंज, पोपडे आणि कोंबड्यांच्या पिढ्यांच्या खुणा.

तेरा एप्रिलला पहाटे पहिलं पिल्लू बाहेर आलं. संध्याकाळपर्यंत अकरा. मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्या दिवशी कार्बोरेटरबद्दल एकही संदेश आला नाही. तिसऱ्या दिवशी धोंडाबाई एसटीने आल्या, सोबत बांबूचं डालगं घेऊन. पिल्लं मोजली, कोंबडीला उचलून तिचं पोट चाचपलं, कूलरकडे बघितलं.

“इले वारा बी लाया व्हता?”

“उन्हाळा फार होता ना, आजी,” संध्याताई म्हणाल्या.

धोंडाबाईंनी त्यांच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. मग जाता जाता गाडीकडे नजर गेली. “मांगे लाल, पुढे गंज. अर्धी का सोडी दिन्ही?”

देवऱ्यांनी नुसते हात जोडले. रिक्षा वळून गेली तेव्हा शेड एकदम मोठी वाटायला लागली.

आता सोळा दिवस होते. खंडेरावांनी तीन आठवडे कोंडलेला आवाज मोकळा सोडला आणि इंजिन खोललं. पिस्टन जाम होते. वायरिंग उंदरांनी खाल्लेलं. देवऱ्यांनी टूलरूमची सगळी विद्या पणाला लावून पाच भाग स्वतः लेथवर कातले. एकोणतीस तारखेला दुपारी इंजिन खोकलं, शिंकलं आणि सुरू झालं. खंडेरावांनी देवऱ्यांना मिठी मारली. तेजस्विनीने मात्र बॉनेटवर बोट फिरवून बघितलं. बोट तपकिरी झालं.

“दोन दिवसांत रंग नाही व्हायचा, काका. घासायलाच चार दिवस लागतील.”

“मग नाव काढून घेतो,” देवरे म्हणाले. “अशी अर्धवट गाडी घेऊन लोकांसमोर कसं जायचं?”

“शेखरराव, चालते ना?” खंडेराव म्हणाले. “तिथे निम्म्या गाड्या ढकलत आणतात. आपली स्वतःच्या पायाने जाईल.”

एक मेच्या सकाळी देवऱ्यांनी गाडी मैदानाच्या अगदी टोकाला, कडुलिंबाखाली उभी केली. डावीकडे सीट नव्हती म्हणून संध्याताई पाटावर बसून आल्या होत्या. आजूबाजूला चकचकीत गाड्यांची रांग होती. देवरे गाडीच्या पुढच्या बाजूला असे उभे राहिले की गंज जमेल तितका झाकला जावा. पण माणूस किती झाकणार?

दहाच्या सुमारास परीक्षक आले. पुण्याचे वयस्कर गृहस्थ, गळ्यात चष्मा. रांगेतल्या सोळा गाड्यांना त्यांनी एकेक मिनिट दिलं. सतराव्या गाडीपाशी थांबले. चष्मा लावला. एक फेरी मारली, मग उलटी फेरी मारली. दरवाजाच्या कडेवरच्या त्या सरळ रेषेवर त्यांनी बोट ठेवलं. एका बाजूला लाल, दुसऱ्या बाजूला गंज.

“बरोबर इथेच थांबायचं, हा निर्णय कुणाचा?”

देवरे खोटं बोलणाऱ्यांतले नव्हते. “कोंबडीचा,” ते म्हणाले.

परीक्षक खूप हसले. “विनयसुद्धा आहे! लोक गाडीचं वय पुसून टाकतात. तुम्ही निम्मं राखलंत.”

“तसं नाही हो, ती अंड्यांवर...”

खंडेरावांनी त्यांच्या पायावर पाय दिला.

दुपारी निकाल लागला. सतरा क्रमांकाला पहिलं बक्षीस. गर्दी उसळली. लोक लाल बाजूला एक आणि गंजाच्या बाजूला एक असे दोन-दोन फोटो काढू लागले. दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा आला, ‘काळाचे दोन चेहरे’. कॉलेजातल्या एका प्राध्यापकांनी त्यावर लेखही लिहिला. त्यातलं देवऱ्यांना फक्त स्वतःचं नाव समजलं. मंडळाने ठराव केला की गाडी आहे तशीच ठेवावी. तेजस्विनीसुद्धा म्हणाली, “आता हात नका लावू, काका.”

देवरे महिनाभर रोज शेडमध्ये जाऊन बसले. एके दुपारी संध्याताईंनी चहा ठेवला आणि विचारलं, “त्र्यंबक रोडवरून गेली ती गाडी कशी होती हो?”

“लाल.”

“सगळी?”

“सगळी.”

“मग?”

देवऱ्यांनी चहा संपवला, उठले आणि पॉलिशपेपर शोधू लागले. पावसाळाभर ते एकटेच पुढचा भाग घासत होते. हिवाळ्यात तेजस्विनीने थोडं रुसून, पण तितक्याच जिवाने रंग मारला. डावीकडची सीट बसली. गाडी नाकापासून शेपटापर्यंत लालभडक झाली. दोघं तिच्यातून त्र्यंबकला जाऊन आले. वाटेत एका सायकलवाल्याने मान वळवून पाहिलं, आणि देवरे तो दिसेनासा होईपर्यंत आरशात बघत राहिले.

पुढच्या एक मेला गाडी रांगेत नवव्या नंबरावर उभी होती. सकाळपासून कुणी थांबलं नाही. दहाच्या सुमारास तेच परीक्षक आले. गाडीभोवती अर्धी फेरी मारून त्यांनी वहीत काहीतरी टिपलं.

“सुरेख काम आहे,” ते म्हणाले. “स्वच्छ. पण खरं सांगू? गेल्या वर्षी इथे याच जातीची एक गाडी आली होती. अर्धी केलेली. ती बघितल्यापासून या पूर्ण गाड्या नजरेत भरत नाहीत. तुम्ही पाहिली होती का?”

देवऱ्यांनी संध्याताईंकडे पाहिलं. त्या सीटवर निवांत रेलून बसल्या होत्या.

“लांबून पाहिली होती,” देवरे म्हणाले. “पण बायकोला पाटावर बसावं लागत होतं म्हणे तिच्यात.”