आबांची पाठ आणि बन्यामीनचं टेबल

माणसाची पाठ म्हणजे सातबारा असतो! नुसता हात ठेवला की बांध कुठं, खाचखळगे कुठं, वहिवाट कुणाची, सगळं कळतं. तुम्ही फक्त पालथे पडा. बाकी सांगायचं काम माझं.

हे मी आज बोलत नाही. पुण्यातून मसाजचा कोर्स करून, मढवलेलं सर्टिफिकेट काखेत मारून दौंड स्टेशनवर उतरलो त्या दिवसापासून बोलतोय. साल असेल दोन हजार दोन किंवा तीन. दौंड निवडण्यामागं माझं गणित पक्कं होतं. जंक्शनचं गाव! इंजिनात उभं राहून कंबर गेलेले ड्रायव्हर, रुळांवर वाकून पाठ गेलेले गँगमन आणि खुर्चीत बसून दोन्ही गेलेले क्लार्क. पाठींचा नुसता सुकाळ!

आमचे कोर्सचे मास्तर भलते कडक. नखं कापलेली हवीत. अंगठी, घड्याळ काढलेलं हवं. तेल कोमट हवं, आणि तेही मातीच्या मडक्यातलं. आधी विचारा, मग हात लावा. ज्या भागावर काम चाललंय तेवढाच उघडा, बाकीचा माणूस पांढऱ्या चादरीखाली झाका. दाब हातानं द्यायचा नाही, अंगाच्या वजनानं द्यायचा. आणि टेबलाला तोंडापुरतं भोक हवंच हवं, म्हणजे पालथ्या माणसाची मान सरळ राहते.

बाजारपेठेच्या तोंडाशी गाळा घेतला. मडकं कुंभाराकडून आलं. राहिलं टेबल. ते मी बन्यामीन मिस्त्रीला सांगितलं. बन्यामीन रेल्वे कॉलनीजवळ राहतो. त्याच्या हातासारखा हात तालुक्यात नाही. चर्चची बाकं त्यानं केली, आणि चर्चमधून शेवटचं निघणाऱ्यांच्या पेट्याही तोच करतो.

"लांबी किती?" त्यानं विचारलं.

"माणूस आडवा मावला पाहिजे."

"मग मला माप सांगायची गरज न्हाई. आडव्या माणसाचं माप माझ्या हातात बसलंय. आन् जालिंदरभाऊ, झोपणाऱ्याची तक्रार आजवर एक आलेली न्हाई!"

टेबल आलं. अस्सल सागवानी, गुळगुळीत, पाय नटबोल्टनं सुटे होणारे. फक्त दोन्ही बाजूंना चकचकीत पितळी कड्या होत्या.

"ह्या कशाला?"

बन्यामीननं डोकं खाजवलं. "सवय! पन असू द्या, उचलायला बऱ्या."

भोकही छान गोल होतं. ते त्यानं स्वतःचं डोकं घालून तपासलं होतं. मी तोंडापुरतं सांगितलं होतं, पण बन्यामीन कुठलंच काम हात आखडून करत नाही.

सगळं सज्ज झालं, आणि गिऱ्हाईक काही फिरकेना! एकानं डोकावून विचारलं, "बैलाचा खांदा सुजलाय, आनू का?" तालमीतले पैलवान म्हणाले, "आमी एकमेकांचं फुकट रगडतो, तुमी काय निराळं करता?" शेजारचा चहावाला पोपटराव तर रोज सकाळी नेमानं विचारायचा, "आज तरी कोनी पालथं पडलं का?"

आणि मला गिऱ्हाईक हवं होतं ते नुसतं पोटासाठी नव्हे. यवतजवळच्या वाडीतली धनश्री, तिथल्या बालवाडीची बाई, हिनं एका लग्नात माझ्याकडं बघून हसण्याची चूक केली होती. मी मागणी घातली. तिचे वडील रखमाजी आबा म्हणजे जुना मेंढपाळ माणूस. आयुष्यभर मेंढरामागं पायपीट केली, आता कॅनॉलच्या पाण्यावर ऊस. मेंढरं सगळी विकली, पण एक मेंढा ठेवलाय. त्याचं नाव सरदार. आबांचा जीव धनश्रीवर जास्त की सरदारवर, याचा निकाल घरात अजून लागलेला नव्हता.

"पोरगा करतो काय?" आबांनी विचारलं होतं.

"मसाज."

"म्हंजी दुसऱ्याचं आंग चोळतो? ह्ये काय कामंय व्हय?" मग कमरेवर हात ठेवून, आहे त्या वाकल्या अवस्थेतच ते म्हणाले, "बरं आसं करू. धा वर्सं झाली, माझी पाठ धरलीया. दवाखानं झालं, देवरुशी झालं. तू सोडव. सुटली तर लेक दिली. न्हाई सुटली तर गप तुज्या वाटंनं जायाचं!"

म्हणजे माझं लग्न आबांच्या पाठीत अडकलं होतं!

बाजाराच्या दिवशी आबा आणि कुशाबाई दौंडला आले. कुशाबाई म्हणजे माझ्या होऊ घातलेल्या सासूबाई. त्यांनी टेबलाकडं, कड्यांकडं आणि माझ्याकडं एकाच नजरेनं पाहिलं आणि म्हणाल्या, "मी बाजार करून येते. ह्यास्नी जपून हाताळ."

आबा पागोटं काढेनात. "पागोटं मी फकस्त देवाम्होरं आन् मयताला काढतो!" शेवटी मास्तरांचं नाव सांगितल्यावर काढलं. आत डोकं एवढंसं निघालं, गुळगुळीत. मला तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

आबा पालथे झाले. तोंड भोकात, अंगावर पांढरी चादर, पाठ तेवढी उघडी. काय पाठ होती! नुसता मुरूम! मी तेल सोडलं, हात फिरवला. आबा भोकातून म्हणाले, "हांऽऽ, बरं वाटतंय रं!" मला चेव आला. मास्तरांचे शब्द आठवले. अंगाचं वजन! दोन्ही तळहात रोवले, टाचा उचलल्या आणि सगळा भार सोडला.

'फट्' असा आवाज झाला.

पाठीतून नाही, भोकातून! आबांचं अख्खं डोकं कानांसकट टेबलाच्या पलीकडं गेलं होतं. मी खाली वाकून बघितलं. मिशा जमिनीकडं लोंबत होत्या.

"आरं, दावणीच्या खोड्यात मुंडकं आडकल्यागत झालंया! काढ की!"

मी वर ओढलं. कान आडवे आले. कानांना तेल लावलं. कान निसटू लागले, पण उलट्या दिशेनं! पाय धरून ओढलं, तर आबा ओरडले, "मुंडकं हितंच ठिवून धड नेतोस व्हय?"

मी पोपटरावला हाक मारली. तो चहाची किटली घेऊनच आला, टेबलाखाली बसला, आबांना "रामराम" केला आणि वर येऊन म्हणाला, "ज्यानं भोक पाडलं त्योच मोठं करंल. करवत लागंल."

मी बूथवरून बन्यामीनकडं फोन लावला. त्याची बायको ग्लॅडिस म्हणाली, "भाऊ, ते येऊ शकत न्हाईत. काल चर्चच्या शिडीवरून पडले, पायाला प्लास्टर हाय. तुम्हीच घेऊन या."

घेऊन जायचं? बाजारामुळं हातगाडी एक मोकळी नव्हती. मग माझी नजर कड्यांवर गेली. बन्यामीनच्या सवयीला मनातल्या मनात हात जोडले!

टेबलाचे पाय काढले. पोपटराव आणि तीन हमाल, चौघांनी कड्या धरून टेबल खांद्यावर घेतलं. गिऱ्हाइकाची अब्रू झाकली पाहिजे हा मास्तरांचा नियम. म्हणून मी चादर नीट पसरली, ती दोन्ही बाजूंनी खाली सोडली. आबांचं डोकं आत झाकलं गेलं. बाहेर उरली दोन पावलं. वाटेत कानांना तेल लागेल म्हणून गरम मडकं दोरीत अडकवून मी हातात घेतलं. अंगात घामानं भिजलेलं बनियन, खांद्यावर टॉवेल. आणि रस्ता दाखवायला मी सगळ्यांच्या पुढं!

तुमच्या लक्षात आलंच असेल. माझ्या आलं नाही!

बाजारात शिरलो तर लोक बाजूला सरू लागले. किराणावाल्यानं हात जोडले. लॉटरीवाला टोपी काढून उभा राहिला. मला भरून आलं. काय अदबशीर गाव! भेळवाल्यानं तर मूठभर चुरमुरे उधळले. वाटलं, धंद्याला शुभेच्छा देतोय.

मागं पोपटरावाला लोक विचारत होते, हे मला नंतर कळलं, आणि पोपटराव खोटं बोलणारा माणूस नव्हे.

"कोन हाय रं?"

"यवतकडचे आबा!"

"काय झालं?"

"धा वर्सं पाठ धरली व्हती. आज मालिश करता करता ह्ये आसं झालं!"

"आरारारा! ह्यो म्होरं पोरगा व्हय?"

"जावई व्हनार व्हता बिचारा."

आता तुम्ही म्हणाल, आबा ओरडले कसे नाहीत? तर सांगतो. आबा झोपले होते! खाली डोकं, वर हेलकावे आणि पाठीत माझं कोमट तेल. आबा गाढ झोपले होते. मसाज किती उत्तम झाला होता याचा याहून दुसरा पुरावा काय हवा?

आता आमच्याकडं मयत दिसलं की खांदा दिल्याशिवाय माणूस पुढं जात नाही. एकजण आला, "द्या, मी देतो." पोपटरावानं आनंदानं दिला. दुसरा आला, तिसरा आला. पोपटराव आणि हमाल सुटले ते थेट चहाला गेले. चारी खांदे नवे झाले, आणि नव्या खांद्यांना रस्ता एकच ठाऊक. भीमेचा घाट!

मडकं धरणाऱ्यानं मागं वळून बघू नये म्हणतात. मी ते न सांगताच पाळलं! मी आपला तोऱ्यात रेल्वे कॉलनीकडं वळलो आणि बन्यामीनच्या दारात उभा राहिलो.

बन्यामीन प्लास्टरचा पाय स्टुलावर टाकून, मांडीवर करवत घेऊन तयारच होता. "हां, कुठंय गिऱ्हाईक?"

"हे काय!" म्हणून मी मागं वळलो. मागं एक शेळी होती.

बन्यामीननं माझ्याकडं पाहिलं. मडक्याकडं पाहिलं. "जालिंदरभाऊ, वाटंत लोकांनी टोप्या काढल्या का?"

"हो! दौंडचे लोक किती..."

"हात जोडले?"

"सगळ्यांनी!"

"पळा!" बन्यामीन एवढ्यानं ओरडला की आतून ग्लॅडिस बाहेर आली. "नदीवर पळा! चिता पेटवायच्या आधी पोचा!"

मी पळालो! तेल हिंदकळत होतं, बनियन वाऱ्यावर होतं, आणि डोळ्यांपुढं माझा सगळा संसार धूर होऊन जाताना दिसत होता. घाटावर पोचलो तर ही गर्दी! कुणीतरी आधीच लाकडांची चौकशी करत होतं. आणि बाजारात बातमी ऐकून, गर्दी फोडून, भाजीची पिशवी भिरकावून कुशाबाई धावत येत होत्या. टेबल अजून खांद्यांवरच होतं. त्यांनी पावलं पाहिली, अंगठ्यातला काळा दोरा ओळखला आणि हंबरडा फोडला.

"आवं धनीऽऽ! मला सोडून कुटं चाललावऽऽ! तुमच्यासारखा मानूस न्हाई वोऽऽ!"

बायका गोळा झाल्या. कुणी पाठीवरून हात फिरवला. कुशाबाईंना आणखी उमाळा आला.

"आता त्या उसाला पानी कोन दील वोऽऽ! आन् त्यो सरदार! त्यो मेला मेंढा! बसून खातोय आन् मलाच ढुसन्या देतोयऽऽ! उद्याच इकते त्येला खाटकालाऽऽ!"

चादर हलली.

"कोन इकतंय सरदारला?"

टेबलाखालून आवाज आला तसं पुढच्या एकानं खाली बघितलं. एक मुंडकं लाल डोळ्यांनी त्याच्याकडं बघत होतं. तो किंचाळला. मग चौघांनीही एकदम खांदे काढून घेतले आणि टेबल धाडकन घाटाच्या दगडावर उभं आपटलं! बन्यामीनच्या सागवानाचे बरोबर भोकातून दोन तुकडे झाले. खांदेकरी कुठं गेले ते कळलं नाही. गर्दी अशी पांगली की घाटावर निव्वळ चपला उरल्या.

आबा मात्र उभे होते. चादर गुंडाळून, ताठ! अगदी सरळ! कुशाबाई तोंडाला पदर लावून बघत राहिल्या. त्यांना आपला नवरा एवढा उंच आहे हे विसरायला झालं होतं.

आबांनी उजवीकडं वळून पाहिलं. डावीकडं वळून पाहिलं. वाकून पायाचे अंगठे धरले आणि पुन्हा उठले. "कुशे! पाठ सुटली!"

"आग लागो तुमच्या पाठीला! माझा जीव गेला ना हितं!" असं म्हणून त्यांनी आबांच्या दंडाला दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि खरोखरचं रडायला लागल्या. आबांचेही डोळे भरले. "गप. मेलो न्हाई. आन् सरदारला हात लावायचा न्हाई."

मी लांब उभा होतो. हातात रिकामं मडकं. आबा माझ्याकडं वळले. आल्या गाडीनं पुण्याला परत जायचं मी मनात ठरवूनही टाकलं होतं.

"शब्द दिला व्हता," आबा म्हणाले. "पाठ सुटली, लेक दिली. जावईबापू, ते मडकं आधी ठिवा खाली. आंगावर काटा येतोय!"

लग्न वाडीतच झालं. बन्यामीननं टेबलाच्या दोन तुकड्यांचे वधूवरांसाठी दोन पाट करून आणले. प्रत्येकाला एकेक पितळी कडी! सरदार मांडवात होता, आणि मला वाटतं माझ्यापेक्षा त्याचाच मान जास्त होता.

आता धंद्याचं म्हणाल तर अजिबात उसंत नाही. नवं टेबल आहे, भोक तोंडापुरतं आहे, बन्यामीनला मी समोर उभं राहून करायला लावलं. पण एक अडचण राहून गेली. माझे सासरे वाडीत, यवतच्या बाजारात, कीर्तनात, भेटेल त्याला सांगत सुटलेत, "मालिश ठीक हाय वो, पन पाठ खरी मोकळी झाली ती खांद्यावरून आपटल्यावर!"

परवाच एक गृहस्थ आले. मी हात पुसून, तेल कोमट करून, नम्रपणे विचारलं, "काय त्रास आहे?"

"पाठ धरलीया. पन त्ये मालिश-बिलिश ऱ्हाऊ द्या. तुमच्याकडं ती आपटायची सोय हाय नव्हं?"

मी भिंतीवरच्या सर्टिफिकेटकडं बघत राहिलो. तेवढ्यात आतून धनश्रीचा आवाज आला, "हाय म्हनावं! पन आधी घरी सांगून यायला सांगा!"