निमकरकाकांचा मसुदा

निमकरकाका घरात चहा मागत नाहीत. ते चहाचा प्रस्ताव सादर करतात. फ्रिजवर नाडीची एक फाइल असते, तीत लिहितात, "विषय : दुसरा चहा. हवा दमट, डोके जड. विचार व्हावा." काकू पोळ्या लाटता लाटता पिठाच्या हाताने खाली शेरा मारतात, "दूध संपले. प्रस्ताव परत." मग काका मुकाट्याने पिशवी उचलतात.

हे मी स्वतः पाहिलंय. बालीगंजच्या आमच्या इमारतीत आम्ही त्यांच्या वरच्या मजल्यावर राहतो. काका केंद्र सरकारच्या नोकरीत होते. बदली होऊन कोलकात्यात आले आणि निवृत्त होऊन इथेच राहिले. पाऊस आणि क्रिकेट यांवर ते तासभर तोंडी बोलतील. पण काही हवं असेल, काही खुपत असेल, तर कागद. बाजारात भाजीवाल्यालाही चिठ्ठीच देतात. तो बेरकी माणूस चिठ्ठी कपाळाला लावतो, "ओनुमोदोन होये गेछे, दादा," म्हणजे मंजुरी मिळाली म्हणतो, आणि किडकी वांगी घालतो. काका पैसे देतात. घरी येऊन तक्रार लिहितात.

याला संवाद म्हणायचं? ही सरळसरळ पळवाट आहे. माणसाने माणसाच्या तोंडावर बोलावं, एवढी साधी गोष्ट.

आमच्या रस्त्यावरची झाडं तोडण्याविरुद्ध मी हिंदीत पत्रक काढलं आणि सहीसाठी त्यांच्याकडे दिलं. तिसऱ्या दिवशी ते दाराखालून परत आलं. समासात लाल अक्षरं : "'धिक्कार' चार वेळा. एक पुरे. 'निर्लज्ज' कोणास उद्देशून, स्पष्ट व्हावे." सही मात्र ठसठशीत केली होती.

मी तडक खाली गेले. "काका, राग आला की माणूस असंच बोलतो."

"म्हणूनच आधी मसुदा करावा," ते म्हणाले. "मसुदा फाडता येतो. बोललेलं फाडता येत नाही."

"हे भित्र्यांचं तत्त्वज्ञान आहे."

"असेल. लेखी दे."

यामागची गोष्ट मला काकूंनी नंतर सांगितली. मुलगी अश्विनी. काकांनी जातीने अभ्यास घेतला, ती सरकारी परीक्षा पास झाली, आणि आठ महिन्यांत राजीनामा देऊन न्यू टाउनच्या एका कंपनीत गेली. त्या दिवशी काका आयुष्यात एकदाच मसुद्याशिवाय बोलले : "यापुढे मला बाबा म्हणू नकोस." तीही त्यांचीच लेक. तिने आदेशाचं तंतोतंत पालन केलं. दोन वर्षं बोलणंच बंद. न्यू टाउन तासाभरावर. काकू एकट्याच जातात आणि डबा देऊन येतात.

गेल्या शनिवारी काकूंनी मला खाली बोलावलं. अश्विनी दुसऱ्या दिवशी कंपनीच्या कामासाठी तीन वर्षं कॅनडाला निघणार होती.

"आज फोन करणार आहेत म्हणे. सकाळपासून मसुदाच चाललाय," काकू म्हणाल्या. "तूच काहीतरी कर बाई. तुला भीडभाड नाही."

मी भांडायच्या तयारीनेच खोलीत शिरले. काका टेबलाशी बसले होते, समोर जाडजूड फाइल होती, "विषय : अश्विनी". न विचारता उघडली. आत दोन वर्षांचे मसुदे आणि प्रत्येकाखाली काकांचाच शेरा. "क्षमायाचना तिसऱ्या परिच्छेदात येते. आधी घ्यावी." "'प्रकृतीस जपावे' हा हुकूम वाटतो. वगळावे." "कारणे फार. एकही खरे नाही." सगळ्यांत वरच्या कागदावर एकच ओळ उरली होती, "अशू, मी बाबा." तिच्याखाली, "पुढे सुचत नाही."

भांडायला आणलेली सगळी विशेषणं मी मनातच खोडली. मी काकूंच्या फोनवरून नंबर लावला, स्पीकर सुरू केला आणि फोन काकांच्या हातात कोंबला.

"बोल गं आई," पलीकडून आवाज आला.

काकांनी चष्मा नीट केला, कागद समोर धरला. "अशू," त्यांनी वाचलं, "मी बाबा."

काकांनी कागद उलटून पाहिला. मागे कोरा.

"जेवलात का?" तिने विचारलं.

"नाही अजून." मग कागद खाली ठेवून, "तू?"

"बॅगा भरतेय. मोठी बंदच होत नाहीये."

"वरती बसून बघ."

"बसले. नाही होत."

काकांनी चष्मा काढून ठेवला. "मी येऊन बसू का?"

"या," ती म्हणाली.

मी वळून पाहिलं. काकू गॅस बंद करून, चपला घालून, केव्हाच्याच दारात उभ्या होत्या.