आंबटपाण्यातला पेला

चिमटा कळकट दिसला म्हणून मदतरावांनी स्वयंपाकघरातली सांडशी घेतली. एवढंच झालं. पण आभाळ कोसळायला कधीकधी एवढंसुद्धा पुरतं.

मदतराव हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. ऑफिसात कुणी फाइल शोधायला लागलं की हे मदतीला धावत, आणि थोड्या वेळाने सगळं ऑफिस मिळून दोन फायली शोधत बसे. तिथे पडलेलं नाव त्यांच्या मागोमाग घरी आलं.

बायको चांदीची भांडी घडवायची. वडील गेल्यावर त्यांची हत्यारं तिने मागच्या खोलीत मांडली, तेव्हा लोक म्हणाले, हात बापाचा होता, पोरीला काय जमतंय! हत्यारंच विकायला गिऱ्हाईक शोधायची वेळ आली, तेवढ्यात जजबाईंनी नातीसाठी पेला सांगितला. भर कोर्टात माणसाला घाम फोडणारी बाई ती! पेला मनासारखा झाला तर घरचा सगळा चहाचा सेट हिच्याकडे, नाहीतर दुकान बंद झाल्यातच जमा.

आणि जजबाई पेला न्यायला येणार, नेमका त्याच दिवशी पेल्याचा कान हलायला लागला. बायकोने तो पुन्हा झाळला, म्हणजे जाळावर डाग देऊन जोडला. जाळ लागला की चांदी काळवंडते. तो काळा थर जायला पेला आंबटपाण्यात टाकावा लागतो. आंबटपाणी म्हणजे पातळ केलेलं तेजाब. कोमट करून काचेच्या भांड्यात ठेवलेलं असे. चांदीत बळकटीला थोडं तांबं घातलेलं असतंच, ते जरा जरा उतरून पाण्याला निळसर झाक आलेली.

पेला पाण्यात सोडून बायको तो ठेवायची डबी आणायला निघाली आणि रजा काढून मदतीला बसलेल्या नवऱ्याला म्हणाली, "काळं गेलं की काढा आणि साध्या पाण्यात धुवा. चिमटा खुंटीला आहे, तोच घ्या. आणि अहो..."

"काय गं?"

"दुसरं काही करू नका."

(आता हे वाक्य ज्या नवऱ्याला सांगावं लागतं, त्याला सांगून काय उपयोग!)

खुंटीवरचा चिमटा तांब्याचा होता, हिरवागार, शेवाळ धरल्यासारखा. एवढ्या नाजूक पेल्याला हा लावायचा? मदतरावांनी घासूनपुसून लख्ख केलेली लोखंडी सांडशी आणली, पेल्याचा काठ तिच्यात पकडला, आणि आत आहेच तर जरा खळबळून घेऊ म्हणून चांगला घोळसला. मग वर काढला.

पेला गुलाबी झाला होता.

आधी वाटलं, पडद्याचा रंग पडला असेल. पडदा बाजूला सारला. पडदा निळा होता. तेवढ्यात दाराची घंटा वाजली.

"या, या, जजबाई! बऱ्याच लवकर आलात!" पुढच्या खोलीतून सासूबाईंचा आवाज.

 मदतरावांनी दंतमंजन घेऊन पेला खसाखसा घासला. गुलाबी रंग चकाकायला लागला. मग त्यांनी डोकं लढवलं (ते लढलं, पण हरलं): ज्या पाण्यात रंग चढला त्याच पाण्यात उतरेल. पेला पुन्हा सांडशीत पकडून पुन्हा पाण्यात. आता कानसुद्धा लालबुंद.

"जावईबापू, पेला आणताय ना?"

"पुसतोय, पुसतोय!"

"एवढं काय पुसताय? नक्षी जाईल की!"

"राहू दे," जजबाई म्हणाल्या. "मीच आत येते. काम चाललेलं बघायला मला आवडतं."

पावलं जवळ आली. मदतरावांनी ओला पेला शर्टाच्या आत ढकलला आणि पोटावर दोन्ही हात दाबून उभे राहिले. जजबाई दारात. चष्म्यावरून बघणं ते तसलं, की माणसाने न केलेले गुन्हेही कबूल करावेत.

"तुम्ही कारागीर?"

"नाही, मी... मी नवरा."

"पोटाला काय झालंय?"

"दुखतंय." हे मात्र खोटं नव्हतं. आंबटपाणी बेंबीपर्यंत पोचून चुरचुरायला लागलं होतं.

"पाय का नाचवताय?"

"कळ येते तशी."

"आणि पेला कुठे आहे?"

 तेवढ्यात मागचं दार वाजलं आणि बायको डबी घेऊन आत आली. तिने आधी सांडशी बघितली, मग खुंटीवरचा चिमटा, आणि मग नवऱ्याचं पोट. तिच्या चेहऱ्याचा रंग उतरला. पण आवाज तिने चढू दिला नाही.

"बाई, शेवटचा हात राहिलाय. आई, बाईंना चहा दे ना."

सासूबाईंनी लेकीचा चेहरा ओळखला आणि जजबाईंना दंडाला धरून पुढे नेलं. बायकोने नवऱ्याच्या शर्टातून पेला ओढून काढला.

"लोखंड घातलंत आंबटपाण्यात? चिमटा तांब्याचा का ठेवलाय मी? लोखंड भारी उतावळं. पाण्यात पडलं की स्वतः विरघळतं आणि आत शांत बसलेल्या तांब्याला बाहेर हुसकतं. बाहेर पडलेलं तांबं मग कुठे जाणार? लोखंडाला टेकलेली चांदी दिसली, बसलं तिच्यावर!"

"मला वाटलं, मदत..."

"तुम्ही आधी पोट धुवा!"

तिने नवं आंबटपाणी केलं, औषधाच्या कपाटातून जखमेवर ओतायचं फेसाळ पाणी आणून, चढलेलं तांबं विरघळावं म्हणून त्यात मिसळलं आणि हिरव्या चिमट्याने पेला आत सोडला. बारीक बुडबुडे चढायला लागले. पेला गुलाबीच. पलीकडे कपबशी वाजली. बायकोच्या ओठावर घाम. मदतराव श्वाससुद्धा मदत होईल या भीतीने धरून उभे. "चहा संपला हं," पलीकडून जजबाई म्हणाल्या.

आणि काठाशी एक पांढरी रेघ उमटली. ती हळूहळू रुंदावली, खाली घसरली, कानावर चढली. बायकोने पेला धुतला आणि न थांबता त्याला झिलई दिली.

जजबाईंनी पेला खिडकीशी धरला, कान हलवून बघितला, नक्षीवरून नख फिरवलं. 

"वडिलांचा हात आलाय तुझ्यात," त्या म्हणाल्या. "चहाचा सेट तूच कर."

बायकोचे डोळे भरून आले. मदतरावांनाही बळ आलं, ते पुढे सरसावले. "काळजी करू नका बाई, मी रजा वाढवतो. मदतीला आहेच!"

जजबाईंनी शर्टाला पडायला लागलेली भोकं न्याहाळली. "हे नेहमीच असे का?"

"माणूस सोन्यासारखा आहे हो," बायको घाईने म्हणाली. मदतरावांची छाती फुगली.

"अगदी शंभर नंबरी," सासूबाई कपबश्या गोळा करत म्हणाल्या. "सोनं कसं, तेजाबात बुडवा की जाळात घाला, काही म्हणून परिणाम होत नाही."