आग्रहाचा दर

नामदेवरावांचं गणित अगदी सरळ होतं. चिक्कडपल्लीतल्या त्यांच्या गल्लीतल्या मेसमध्ये पंधरा रुपयांत माणूस हात आडवा करीपर्यंत भात वाढतात. मग ज्या हॉटेलात एका भाजीचेच दीडशे घेतात, तिथून तर माणसाला उचलूनच घरी न्यावं लागत असेल!

भामाबाईंना नवऱ्याचं हे गणित पटलं नव्हतं. मुलीच्या, योगिनीच्या, स्थळाची माणसं, कुकटपल्लीचे एकनाथराव आणि तारामतीबाई, जेवायला येणार तर घरीच पुरण घालू, असं त्यांचं म्हणणं. मुलामुलीची पसंती झाली होती. एकनाथरावांचा होकार तेवढा बाकी होता. पण नामदेवराव ऐकतील तर शपथ. होणारा जावई कॉम्प्युटरच्या कंपनीत, रस्त्यावर परदेशी गाड्या आल्या, गच्चीगच्चीवर डिश अँटेना लागल्या, आणि आपण अजून पाटावर बसवून पुरणपोळी वाढायची? खिशात दोन हजार घालून ते बायकोला आणि पाहुण्यांना घेऊन काचेच्या लिफ्टच्या नव्या हॉटेलात गेले.

पहिला धक्का भाजीनेच दिला. ही भली मोठी बशी, आणि मधोमध आजाऱ्याला द्यावी तेवढी वाटी. नामदेवरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. नांदेडकडचा माणूस, त्याच्या पंगतीतून पाहुणा अर्ध्या पोटी उठला तर भाऊबंद जन्मभर नावं ठेवतील. त्यांनी काळ्या कोटातल्या वेटरला जवळ बोलावलं. "मेहमानां कू और डालो बाबा, हाथ नक्को रोको."

वेटर अदबीने झुकला आणि वहीत काहीतरी लिहून गेला. विसरू नये म्हणून लिहून घेतो, याला म्हणतात मोठं हॉटेल, असं नामदेवरावांनी एकनाथरावांना समजावलं.

एकनाथराव नको म्हणाले. पण नको तर सगळेच म्हणतात. तीनदा नको म्हटल्याशिवाय आपल्याकडे पाहुण्याने कधी पोळी घेतली आहे? प्रत्येक नकोमागे एक वाटी येत गेली. तारामतीबाईंनी ताटावर दोन्ही हात धरले, तेव्हा त्यांच्या ताटाशेजारी वाट्या मांडल्या गेल्या. टेबल भरलं तसं दुसरं जोडावं लागलं. पाण्याच्या बाटल्यासुद्धा नामदेवराव भराभर फोडायला लावत होते. मध्येच त्यांनी आपल्या मेसची टिंगल केली. मारुतीच्या देवळामागची ती अंधारी जागा, पोट भरतं हो, पण तुमच्यासारख्यांना तिथे कसं न्यायचं?

"देवळामागे का?" एवढंच एकनाथरावांनी विचारलं. होकाराबद्दल चकार शब्द नाही.

शेवटी वेटरने चामड्याच्या कव्हरची वही आणून ठेवली. अभिप्राय लिहायची असणार, म्हणून नामदेवरावांनी झोकात पेन काढलं आणि वही उघडली. आत आकडा होता चार हजार आठशेचा. त्यांनी म्हटलेलं प्रत्येक 'और' तिथे ओळीने उतरलं होतं आणि प्रत्येकापुढे दर होता. पाण्यालाही होता. भामाबाईंनी एकदा नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पर्स उघडून साखरपुड्याच्या साडीसाठी आणलेले तीन हजार त्यांच्या हातात ठेवले. समोर एकनाथराव हे सगळं बघत होते. उठताना ते म्हणाले, "बरंय, कळवतो."

मुलीच्या बापाला 'कळवतो'चा अर्थ सांगावा लागत नाही. नामदेवरावांनी बायकोला ऑटोत बसवून दिलं. योगिनीला तोंड दाखवायची त्यांची हिंमत नव्हती, ते उगाच पायी फिरत राहिले. त्यात पोटात कावळे ओरडत होते. यजमानाने शेवटी जेवायचं असतं, आणि शेवटी तर बिल आलं होतं. तीन वाजता पाय आपोआप मेसकडे वळले.

आत कोपऱ्यातल्या बाकावर, पुढ्यात पानं मांडून, एकनाथराव आणि तारामतीबाई वरणभात ओरपत होते.

दोघांचे घास हातातच राहिले. मग एकनाथराव ओशाळून सरकले आणि त्यांनी जागा करून दिली. ते गुळमट पनीर घशाखाली उतरेना, पण तुमचा आग्रह मोडवेना, म्हणून चिवडत बसलो, असं त्यांनी कबूल केलं. पुढे ते म्हणाले, "खरं सांगू का? एका जेवणावर एवढा पैसा उडवणाऱ्या घरची पोरगी आमच्यात कशी निभायची, असं हिला वाटलं. म्हणून कळवतो म्हटलं."

"उडवला नाही हो," नामदेवराव रडकुंडीला आले. "मला वाटलं, मागून वाढतात ते फुकट असतं."

तारामतीबाईंनी पदर तोंडाला लावला, पण हसू आवरेना. एकनाथरावांना तर ठसकाच लागला. पाणी पिऊन, डोळे पुसून त्यांनी वाढप्याला हाक मारली, "हमारे व्याही हैं, दिल खोल के डालो."

व्याही! नामदेवरावांचे डोळे भरून आले. वाढपी भाताचं घमेलं घेऊन आला, त्याने पानावर ढीग घातला आणि दुसऱ्यांदा डाव भरला.

वीस वर्षं त्याच मेसमध्ये जेवलेल्या नामदेवरावांनी पानावर दोन्ही हात आडवे धरले आणि हळूच विचारलं, "याचे वेगळे किती?"