कच्च्या कलेजीचं प्रात्यक्षिक

समोरच्याचं मन वळवणं हा माझ्या हातचा मळ! विमा कंपनीच्या दावे विभागात अकरा वर्षं काढली आहेत मी. छप्पर उडालेल्या माणसाला, ‘तुमचं छप्पर पॉलिसीत बसत नाही’ असं सांगून वर त्याच्याकडून ‘आभारी आहे’ वदवून घेतलंय! मग साडेतीन किलोच्या मांजरीचं जेवण बदलणं म्हणजे काय मोठंसं?

मांजरीचं नाव मास्तरीण. नाव बायकोनं ठेवलं, कारण आपल्या हातून काही सांडलं की ती चष्म्याच्या वरून बघितल्यासारखं बघते. चष्मा नसताना! रोज दोन वेळा पाकिटातले तपकिरी दाणे खायची आणि गप पडायची. पण एका रविवारी मी संगणकावर सलग तीन तास वाचन केलं आणि माझे डोळे खाडकन उघडले. मांजर ही मुळात शिकारी! तिला कच्चं मांस हवं!

“वाघ कधी पाकीट फाडून जेवतो का?” मी बायकोला विचारलं.

ती पाच दिवसांच्या प्रशिक्षणाला निघाली होती. बॅगेची चेन ओढता ओढता म्हणाली, “अहो, वाघ सोफ्यावर झोपतो का? मी येईपर्यंत काही बदलू नका. बदलायचंच असेल तर डॉक्टरांना विचारून, हळूहळू.”

“अजिबात नाही!” मी म्हणालो. काय अजिबात नाही, ते मोघमच ठेवलं. दावे विभागाची सवय!

सोमवारी सकाळी मी ताजी कलेजी आणली, बारीक चिरली आणि वाटीत घालून मास्तरणीपुढे ठेवली. तिनं वास घेतला. माझ्याकडे पाहिलं. मग वाटीभोवतीची फरशी पंजानं खरवडायला लागली, घाणीवर माती लोटतात तशी! संध्याकाळी कलेजी जराशी कोमट करून दिली. पुन्हा माती! मंगळवारी सकाळी तर वाटीकडे पाठ करून बसली.

मंगळवारी संध्याकाळी मी पुन्हा वाचायला बसलो आणि मला घाम फुटला. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिली तर तिचं यकृत बिघडू शकतं म्हणे. म्हणजे कलेजी खात नाही म्हणून कलेजी बिघडणार! तत्त्वं गेली चुलीत. मी धावत जाऊन पाकिटातले दाणे वाटीत ओतले. तिनं दाण्यांकडेही ढुंकून पाहिलं नाही! बायको या मांजरीवर माझ्यापेक्षा जास्त प्रेम करते, आणि हे ती पाहुण्यांसमोर सांगते.

बुधवारी दवाखाना उघडल्या उघडल्या फोन केला. डॉक्टरांच्या मदतनीस बाई म्हणाल्या, “साडेबाराला घेऊन या. तोवर दोन घास जाताहेत का बघा. समोर बसून खाल्ल्याचं नाटक केलंत तर काही मांजरं खातात.”

बुधवारी आमचं काम घरूनच असतं. अकराला व्हिडिओवर मीटिंग, तेवीस माणसं. लॅपटॉप बुटक्या चौरंगावर आणि समोर, जरा लांब, जमिनीवर वाटी, तिच्यात पुन्हा फ्रिजमधली कलेजी. साहेब आकडे वाचत होते. माझी पाळी यायला बराच अवकाश होता. एवढ्यात मास्तरीण बाल्कनीतून आत आली. हीच वेळ! कॅमेरा आणि माइक बंद करायची बटणं दाबली आणि मी जमिनीवर रांगत वाटीपाशी गेलो.

“अहाहा! काय लुसलुशीत!” मी वाटीत तोंड घातलं. “मम्म! ये ना गं राणी! एकट्याला गोड लागत नाही!” नाकाला गार कलेजी लागली, तरी मी मागे हटलो नाही. उलट मिटक्या मारल्या!

मग जाणवलं, आकडे थांबलेत.

“दावे विभाग,” साहेबांचा आवाज आला, “तुम्ही बरे आहात ना?”

मी मान वर केली. पडद्यावर बावीस चेहरे होते आणि तेविसावा माझा, हनुवटीवरून लाल ओघळ येत असलेला! बटणं दाबली गेलीच नव्हती!

“साहेब, ती दोन दिवस काही खात नाहीये हो!” माझा रडवेला खुलासा.

“कोण?”

“मास्तरीण!”

कुणीतरी “अरे देवा!” म्हणालं. मी लॅपटॉप धाडकन मिटला.

पुढचं काम आमच्या जावक टेबलावरच्या ताईंनी केलं. त्यांनी काळजीपोटी थेट माझ्या बायकोला फोन लावला. “वहिनी, घाबरू नका, पण दादा रांगत रांगत कच्चं मांस खातायत आणि कुठल्याशा मास्तरणीला राणी म्हणतायत!”

दोन मिनिटांत बायकोचा फोन. “कलेजी आणलीत ना?”

मी हो म्हणणार तेवढ्यात दारावरची बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणकाकू!

“तुमच्या मांजरीला जरा घरी जेवू घाला हो,” काकू करवादल्या. “सोमवारपासून दोन्ही वेळ आमच्याकडेच पंगतीला! आमच्या कुत्र्याचे दाणे फस्त करते आणि तो बिचारा भिंतीकडे तोंड करून बसतो!”

फोनमधून बायकोनं सगळं ऐकलं. तिनं फोन ठेवून दिला. ते जास्त लागलं.

तरी साडेबाराला दवाखान्यात गेलो. मास्तरणीचं वजन दीडशे ग्रॅमनं वाढलं होतं! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “कुत्र्याचं खाणं दोन दिवस ठीक, कायमचं नको. चांगल्या कंपनीचे मांजरांचे दाणे पुरेसे आहेत. कच्चंच द्यायचं असेल तर सगळी पोषकद्रव्यं मोजून, जंतूंची काळजी घेऊन द्यावं लागतं. नुसती कलेजी आणि हौस पुरत नाही!”

गुरुवारी ऑफिसात पाऊल टाकलं तर शेजारच्या टेबलावरच्यानं आपला डबा हळूच ओढून घेतला. तेवढ्यात साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं.

“दार लावा,” ते गंभीरपणे म्हणाले. साहेबांनी खण उघडला आणि दोन पाकिटं टेबलावर ठेवली. कुत्र्याच्या बिस्किटांची!

“आमच्या घरात दोन पक्ष पडलेत,” त्यांचा आवाज एकदम खाली आला. “मुलगी म्हणते कच्चं, मी म्हणतो पाकिटातलं. आणि कुत्रा दोन्हीला नाही म्हणतो! तुमच्या मांजरीचं प्रकरण ताईंकडून कळलं मला. तुम्हाला या विषयातलं कळतं.”

“साहेब, डॉक्टरांना विचारा...”

“त्यांना विचारतोच आहे. पण खाऊन बघणारा माणूस कुठे मिळतो? हे कोंबडीचं, हे माशाचं. प्रामाणिक मत सांगा.”

बढतीची यादी पुढच्या आठवड्यात लागणार होती. मी दोन्ही चाखली.

आणि आता तुमच्यापासून काय लपवायचं? माशाचं आणखी एक मागून घेतलं!