राणीसमोर 'हो' म्हणू नका

घोडा कसा घ्यावा, हे बरकतपुऱ्यात कुणाला शिकायचं असेल तर त्यानं खुशाल माझ्याकडे यावं! पस्तीस वर्षं ट्रेझरीत बिलं तपासलेला माणूस मी. मला गंडवणं सोपं नाही. शहराबाहेरच्या त्या रँचवर मी घोडीचे दात पाहिले, खूर पाहिले, शेपटीसुद्धा उचलून पाहिली. (शेपटी कशासाठी उचलतात ते ठाऊक नव्हतं, पण उचलली.) आणि ठणकावून सांगितलं, हीच द्या! नाव राणी, रंग तांबूस, स्वभाव गरीब, फेरफटक्यासाठी खास शिकवून तयार केलेली. राहणार तिथंच रँचवर, पण मालकी माझी. अशा रीतीनं बासष्टाव्या वर्षी, गुडघ्याला पट्टा बांधून, मी केशवराव घोडीवाला झालो!

"बाबा, आर यू सिरियस?" माझी मुलगी मेधा म्हणाली. "लोक आईसाठी व्हीलचेअर बघतात, तुम्ही घोडा बघताय?"

पण घोडी आईसाठीच होती.

छत्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. त्रिवेणीचं माहेर बिलोलीकडचं. त्यांच्याकडे नवरदेव मारुतीला जाऊन मांडवात येतो तो घोडीवर बसून. माझ्यासाठी घोडी आणली होती, सजवली होती. ती नुसती फुरफुरली आणि मी मेव्हण्याच्या मागं लपलो! शेवटी मांडवात आलो तो त्याच मेव्हण्याच्या लुनावर, मागं बसून, मुंडावळ्या सावरत. सगळं गाव हसलं. त्रिवेणी मात्र हसली नाही. "मी आत टापा ऐकायला कान देऊन बसले होते, आणि आली फटफट," असं ती पुढं प्रत्येक भांडणात म्हणायची. "एकदा तरी घोड्यावर बसून या माझ्या दारात."

"हो, येतो की," मी म्हणायचो. छत्तीस वर्षं म्हणालो.

दोन वर्षांपूर्वी साखरेनं तिचे डोळे नेले. मग मूत्रपिंडं गेली. दिवसाआड डायलिसिस. एका संध्याकाळी ती आपणहून म्हणाली, "आता तुम्ही घोड्यावर आलात तरी मला दिसणार नाही. पण टापा ऐकू येतील हो." त्याच आठवड्यात डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, की आता महिने नाही, आठवडे मोजा.

मी रँच गाठली.

तिथं घोडी शिकवणारे सालेह चाऊस नावाचे गृहस्थ होते. ते म्हणाले, "एकदम सीखी हुई घोड़ी है साब. छोटे बच्चे बैठते इस पो. 'चल' बोले तो चलती, 'हो' बोले तो रुकती. दो लफ्ज याद रखो, बस!"

पहिल्या रविवारी दोघांनी ढकलून मला वर चढवलं. मी म्हटलं, "चल." चालली!

"पीठ सीधी रखो साब."

"हो."

थांबली. पुन्हा "चल."

"लगाम ढीली छोडो."

"हो हो!"

अशी थांबली की माझी टोपी तिच्या कानावर जाऊन बसली! मी भडकलो. म्हटलं, घोडीत खोट आहे, बदलून द्या. चाऊसभाई पोट धरून हसले. "घोड़ी में क्या खराबी नै साब, तुमिच रोक रै उसकू!"

गंमत पाहा, ते स्वतः दिवसभर "हौ, हौ" करत होते, त्यानं ती जराही बिचकत नव्हती. दख्खनी 'हौ' आणि मराठी 'हो' यांतला फरक तिला बरोब्बर कळत होता!

म्हणजे 'हो' सोडणं आलं. आता हा माझा जन्माचा शब्द! ऑफिसात साहेबांना हो, घरी त्रिवेणीला हो. गॅस सांगितला का? हो. (सांगितलेला नसे.) बहिणीला पत्र टाकलं का? हो. (बहीण अजून वाट पाहते आहे.) ऐन वेळी तोंडातून निसटू नये म्हणून मी घरातही सराव सुरू केला. हो म्हणायचं नाही. बरं, अगदी, हं, यावर भागवायचं.

चार दिवसांनी त्रिवेणीनं मला जवळ बसवलं.

"अहो, हल्ली तुम्ही हो म्हणत नाही."

"हं."

"रागावलात?"

"छे!"

"मग डॉक्टर काही बोलले का? खरं सांगा. बोलले ना?"

याला उत्तर एकच होतं, आणि नेमका तोच शब्द मी सोडला होता. मी म्हटलं, "चहा करू का?"

तिनं चाचपून माझा हात धरला आणि बराच वेळ धरून ठेवला. "करा," म्हणाली.

लग्नाच्या वाढदिवसाला चाऊसभाईंनी टेम्पोतून राणीला चमन बागेपाशी आणून उतरवलं. तिथून आमचं घर हाकेच्या अंतरावर. मेधानं आईला पहिल्या मजल्याच्या गॅलरीत खुर्चीवर बसवलं होतं, का ते न सांगता. मी फेटा बांधून राणीवर चढलो. चाऊसभाईंना म्हटलं, तुम्ही इथंच थांबा, नवरदेव एकटाच येणार. तोंड घट्ट मिटलं आणि निघालो.

टप टप टप. काय सांगू तुम्हाला! स्वतःचा एवढा अभिमान मला प्रमोशनच्या दिवशीही वाटला नव्हता.

"अहो केशवराव!" समोरचे नामदेवराव ओरडले. "हे काय!"

राणी थांबली.

मी माझा 'हो' सोडला होता, पण गल्लीतल्या मराठी माणसांचा 'अहो' कोण सोडवणार? "चल, राणी." चार पावलं. "अहो, शूटिंग आहे का?" थांबली! मागं रिक्षांची रांग लागली. एक तेलुगूतून बाजूला व्हायला सांगत होता, दुसरा "चचा, घोड़ा पंक्चर हुआ क्या?" म्हणून विचारत होता. मी नामदेवरावांना हात जोडले, तोंडावर बोट ठेवलं. त्यांना वाटलं, मला चक्कर येते आहे. ते पाणी आणायला धावले.

कसाबसा आमच्या फाटकापासून तीस पावलांवर आलो. वर गॅलरीत त्रिवेणी खुर्चीतून अर्धवट उठलेली दिसली. तिनं टापा ऐकल्या होत्या! तिचा चेहरा छत्तीस वर्षांपूर्वी आत कान देऊन बसली होती तेव्हा असाच असेल.

"अहो!" तिनं हाक मारली. "तुम्ही आहात का?"

राणी थांबली.

"चल," मी कुजबुजलो. टप, टप.

"अहो! तुम्हीच ना?"

थांबली.

मी गप्प. घोडी गप्प. त्रिवेणीला काही ऐकू येईना, म्हणून ती आणखी मोठ्यानं हाका मारू लागली. "अहो! अहो!" मी मेधाला खुणा केल्या. ती आईला सावरू की व्हिडिओ काढू या गडबडीत होती, आणि आनंदानं रडत होती. दोन टापा आणि एक अहो, दोन टापा आणि एक अहो! शेवटी रिक्षावाल्यांनीच मला उतरवून घेतलं. घरात शिरलो तो चपला फटफटवत, पायी.

"घाबरून उतरलात ना?" त्रिवेणीनं विचारलं.

मी सगळं सांगितलं. ती इतकी हसली की मेधानं तिला पाणी पाजलं. मग डोळे पुसत म्हणाली, "म्हणजे मीच थांबवत होते का तुम्हाला? येत्या रविवारी परत या. मी शब्द काढणार नाही. फाटकापर्यंत येणार ना?"

"हो," मी म्हणालो.

गुरुवारी ती गेली.

तेरावा झाल्यावर, पुढच्याच रविवारी, मी चाऊसभाईंना फोन केला. मेधा म्हणाली, "बाबा, आता कशाला?" मी म्हटलं, तिला हो म्हटलंय.

चमनपासून निघालो. नामदेवराव दारात उभे होते. त्यांनी नुसती मान खाली घातली. कुणीच हाक मारली नाही. राणी टप टप चालत राहिली, एकदाही न अडखळता. गॅलरीतली खुर्ची रिकामी होती. फाटक आलं.

इथं थांबायचं होतं. शब्द साधा होता, पण तोंडातून हवासुद्धा फुटेना. राणी बिचारी शिकवलेली! सांगितल्याशिवाय थांबेल कशी? ती फाटकावरून पुढं गेली, गल्ली ओलांडून थेट काचीगुड्याच्या रस्त्याला लागली. मी वर, फेटा सुटलेला, डोळ्यांतून पाणी चाललेलं, मागं दोन बसेस.

चौकात ट्रॅफिकचा पोलिस शिट्टी फुंकत शेजारी धावू लागला. "अरे चचा, किधर जा रै? इस उमर में ये शौक! घर में बीवी नै है क्या?"

"हो, आहे की," मी सवयीनं म्हणून गेलो.

राणी जागच्या जागी थांबली.