यस्टरडे आला की हॅव गेला

बाळाराम चुकीच्या इंग्रजी वाक्याला लाल दोरा बांधतो. शाई नाही, खडू नाही, दोराच. त्याच्या शर्टाच्या खिशात लाल सुताचे बोटभर तुकडे असतात आणि कॉलरच्या आत एक टाचणी खोचलेली असते. लग्नपत्रिका असो, गोदामाची नोटीस असो की औषधाच्या खोक्यातला कागद, हातात आला की तो आधी उजेडाकडे धरतो. चूक सापडली की त्या शब्दाशेजारी भोक पाडतो, दोरा ओवतो, गाठ मारतो आणि कागद मालकाला परत करतो. "फॉल्ट हाय," एवढंच म्हणतो.

हे त्याच्या कामातून आलं आहे. वडप्याला एका कापडाच्या गोदामात तो चेकर आहे. लूमवरून, म्हणजे मागावरून, उतरलेला कापडाचा ताका काचेच्या तिरक्या टेबलावरून ओढायचा, खाली दिवा लावलेला, आणि जिथे धागा तुटला असेल तिथे किनारीला लाल दोरा बांधायचा. म्हणजे पुढच्या माणसाला कळतं, इथे दुरुस्ती आहे. हे काम इतकी वर्षं केल्यावर त्याच्या डोळ्यांना कापड आणि इंग्रजी यांतला फरक दिसेनासा झाला असावा. 'द' राहिला तर तो म्हणतो, "धागा तुटला." 'डिस्कस अबाउट' दिसलं तर, "लोंबता धागा, काप." 'डिड नॉट वेन्ट' मात्र त्याला मनापासून लागतं.

"डबल धागा. डिडमधी भूतकाल एकदा घातला ना? मंग वेन्टमधी परत कशाला?"

त्याची बायको सुगंधावहिनी सांगते, "घरातला दूध संपलेला ह्याला दिसत न्हाय, पन बिस्किटाच्या पुड्यावरचा एस राहिलेला दिसतो."

एकदा शेजारच्या गोदामाच्या फाटकावर नवा बोर्ड लागला. 'ड्रायव्हर्स इज नॉट अलाऊड इनसाइड.' पत्र्याला भोक पाडता येईना, म्हणून बाळारामने बोर्डाखालच्या जाळीला दोरा बांधला. दुसऱ्या दिवशी तिथे दोन दोरे होते. लांबून आलेल्या ट्रकवाल्यांना वाटलं, ही मन्नतीची जागा आहे. आठवड्याभरात जाळी लाल झाली. कोणीतरी झेंडूचा हार घातला आणि वॉचमन सकाळ-संध्याकाळ उदबत्ती लावू लागला. मॅनेजरने बाळारामला बोलावून विचारलं, "ये क्या चालू किया तुमने?" बाळाराम म्हणाला, "साहब, ड्रायव्हर्स बहुत हैं, इज एक है." मॅनेजरने निमूटपणे पेंटर बोलावला. बोर्डावर आता 'आर' आहे. उदबत्ती मात्र अजून लागते, कारण एका ड्रायव्हरला म्हणे खरोखरच मुलगा झाला.

मी त्याच रस्त्यावर एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात क्लार्क आहे. आम्ही दोघेही दिघाशीचे, लहानपणापासूनचे. दुपारच्या चहाला तो माझ्या टेबलाशी येतो आणि माझे इंग्रजी मेल पाठवण्याआधी वाचतो. स्क्रीनला दोरा बांधता येत नाही म्हणून तुकडा कीबोर्डवर ठेवतो. माझी एक चूक ठरलेली आहे. 'वी हॅव डिस्पॅच्ड द मटेरियल यस्टरडे.'

"दत्ता, यस्टरडे आला की हॅव गेला," तो म्हणतो. हे वाक्य मी त्याच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेन त्याला गणती नाही. "हॅव म्हंजे लूम अजून चालू हाय. यस्टरडे म्हंजे लूम बंद, ताका कापला, घडी मारली. कापलेल्या ताक्यावर लूम कसा चालल?"

मी मान डोलावतो आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच लिहितो. लोकांना वाटतं मी ठोंब्या आहे. तसा मी आहेच, पण ते वाक्य ऐकताना माझं लक्ष व्याकरणात नसतं. ते का, हे मी कोणाला सांगितलं नव्हतं.

मागच्या वर्षी अंबाडी नाक्यावर एका बाईंनी इंग्रजी बोलण्याचा क्लास काढला. त्यांचं पत्रक बाळारामच्या हाती पडलं आणि अकरा दोरे लावून परत गेलं. बाई रागावल्या नाहीत. उलट त्यांनी निरोप पाठवला, शिकवायला याल का? बाळारामने इस्त्रीचा शर्ट घातला, टाचणी नव्या कॉलरला लावली. माझ्या मोटरसायकलवर मागे बसून तो वाटभर डिड आणि वेन्ट मुलांना कसं सांगायचं याची तयारी करत होता. एवढा खूश मी त्याला कधी पाहिला नव्हता.

बाईंनी चहा दिला, मग विचारलं, "काका, दहावीचं सर्टिफिकेट आणलंय ना?"

"टेन्थ अपियर्ड," बाळाराम म्हणाला.

"म्हणजे पास?"

"न्हाय. अपियर्ड अँड डिसअपियर्ड."

बाई हसल्या, तोही हसला. पण बाई म्हणाल्या, "पालक विचारतात हो. दहावी तरी लागेलच." परत येताना तो घर जवळ आल्यावर म्हणाला, "बाईचा बोलायचा इंग्लिश चांगला हाय."

त्या दिवशी माझं जेवण गेलं नाही. दहावीला इंग्रजीच्या पेपरात मी बाळारामच्या मागच्या बाकावर होतो. तो वर्गात पहिला, मी कसाबसा. काळ बदला, असा प्रश्न होता. मी एका कपट्यावर लिहिलं, 'यस्टरडेला हॅव चालतो का?' आणि त्याच्या बाकाखाली टाकलं. तो वाकून उचलतोय तोच सरांनी हात धरला. "चिठ्ठी कोणाची?" बाळारामने एकदा वळून माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या पेपरात पाहिलं. मग तो उभा राहिला. त्याचा पेपर काढून घेतला, निकाल रद्द झाला आणि वडिलांनी त्याला लूमवर पाठवलं. मी पस्तीस मार्कांनी सुटलो आणि आज इंग्रजीत मेल लिहिण्याचा पगार घेतो. इतक्या वर्षांत आमच्यात त्या चिठ्ठीचा एक शब्दही निघाला नव्हता.

बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म मी आणला आणि सोबत एक पत्र लिहायला घेतलं. मराठीत लिहायचा प्रयत्न केला, पण 'मला माफ कर' लिहून झालं की पुढे हात चालेना. इंग्रजीत 'सॉरी' त्या मानाने सोपं जातं. पानभर लिहिलं, फॉर्मला जोडलं आणि त्याच्या टेबलावरच्या ताक्यावर ठेवून पळालो. माझ्या वयाच्या माणसाने पळावं हे बरं दिसत नाही, पण पळालो.

चार दिवस तो चहाला आला नाही. पाचव्या दिवशी आला आणि पत्र माझ्यासमोर ठेवलं. नऊ दोरे होते.

पहिल्याच ओळीवर त्याने कॉलरमधली टाचणी काढून टेकवली. मी लिहिलं होतं, 'आय हॅव स्पॉइल्ड युअर लाइफ इन टेन्थ स्टँडर्ड.'

"टेन्थ कवाची?" त्याने विचारलं.

"जुनी."

"मंग हॅव कशाला? लूम बंद झाला, ताका कापला, घडी मारली." टाचणी 'हॅव'वर सरकली. "तू चिठीत ह्येच इचारलं व्हतंस. तवा सांगाया टायम न्हाय मिलाला."

तो कागदाकडेच बघत म्हणाला, "सगल्यांना मी मागं लागून सांगतो. मना इंग्लिशमधी आपनहून इचारनारा तूच एक भेटलास. मंग तुला सांगाया नको?"

मी कसाबसा फॉर्मचं विचारलं. "भर," तो म्हणाला. "बसतो परीक्षेला. फक्त तू माझ्या मागच्या बाकावर बसू नको."

मी हसलो, आणि डोळे पुसायला मला निमित्त मिळालं. तोवर तो दोरे ओलांडत शेवटच्या ओळीवर पोचला होता. तिथे मी लिहिलं होतं, 'आय अ‍ॅम युअर फ्रेंड सिन्स स्कूल.' ह्या ओळीला त्याने दोन दोरे बांधले होते.

"नको तिथं हॅव घालतोस आन पायजे तिथं इसरतोस," तो वैतागून म्हणाला. "सिन्स स्कूल म्हनतोस ना? मंग आय हॅव बीन. ह्यो लूम अजून चालू हाय."

मग त्याने टाचणी कॉलरला खोचली आणि चहावाल्याला दोन बोटं दाखवली.